विदूषकाचा हात खाली येतो

मित्रांनो, मी एक जुना लाकडी विदूषक आहे. मी आजवर कुणालाही हसवलेलं नाही. माझं काम मापाचं होतं. करमणूक बागेच्या फाटकाशी मी डावा हात आडवा पसरून उभा असे. ज्या मुलाचं डोकं माझ्या हाताला न टेकता खालून जाई, त्याला अर्धं तिकीट. टेकलं, की पूर्ण.

मला घडवणाऱ्या सुतारमिस्त्रीने हात कुठे बसवायचा हे ठरवताना स्वतःच्या छातीवर तळवा ठेवला आणि म्हणाला, "इथपर्यंतचं मूल ते मूलच." मग त्याने दोन स्क्रू आवळले. मला वाटलं, झालं, हे जन्माचं ठरलं.

पहिली वर्षं सुखाची गेली. फाटकाशी मुलं अंग चोरत. पन्नास पावलांवर विमानांचा पाळणा होता. तिथे एक लाकडी जिराफ उभा असे आणि त्याच्या रेघेला डोकं पोचल्याशिवाय विमानात बसू देत नसत. त्यामुळे तीच मुलं तिथे टाचा उचलत. पन्नास पावलांत मूल वीतभर वाढे, आणि एकाही आईला त्याचं नवल वाटत नसे.

मग नवे साहेब आले. त्यांनी फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहवून घेतलं, 'मुलांच्या तिकिटाचे दर वाढवलेले नाहीत.' ते खरंच होतं. त्यांनी माझा हात खाली आणला, दर मोसमाला चार बोटं. मोठ्यांचं तिकीट वाढतच होतं आणि पाळण्यांवरच्या 'दुरुस्तीसाठी बंद' या पाट्याही. जिराफाची रेघ मात्र विमावाल्यांनी आखलेली. तिला हात लावायची साहेबांची टाप नव्हती. शेवटी माझा हात त्या रेघेच्याही खाली गेला आणि बागेत नवाच प्रकार तयार झाला, तिकिटाला मोठी आणि विमानाला लहान अशी मुलं. बापांनी तक्रार केली, की साहेब म्हणत, "बाकावर बसून बघा की. बघायचे आम्ही वेगळे घेत नाही."

हात हलला तरी जुनी भोकं राहत. वारा सुटला, की माझ्या छातीतून बारीक शीळ वाजे आणि लहानगी आईला बिलगत.

माझा हात अजून जिराफाच्या रेघेच्या जरा वर होता, तेव्हाची गोष्ट. एका रविवारी कपडे शिवणारी एक बाई एकटीच आली. गळ्यातली टेप काढून तिने जमिनीपासून माझ्या हातापर्यंतचं अंतर मोजलं. फाटकावरच्या माणसाला सगळे मामाच म्हणत. त्याने विचारलं, "काय ताई, विदूषकाला सदरा शिवताय?"

"नाही हो मामा. लेकीला विमानात बसायचंय. एक पूर्ण आणि एक अर्धं, एवढंच जमतंय. म्हटलं, आधी माप बघावं. बसते बघा नेमकी!"

ती खुशीत गेली. दोन दिवसांनी नवा मोसम लागला आणि साहेबांनी स्क्रू काढायला माणूस धाडला.

पुढच्या रविवारी ती मुलीला घेऊन आली. दोन वेण्या, नवा फ्रॉक. माझा हात तिच्या कपाळाला लागला.

"असं कसं? माझं माप चुकत नाही, मामा."

"माप बरोबर आहे, ताई. विदूषकच खाली आलाय."

बाईने पर्स उघडली, आत पाहिलं आणि मिटली. मामाने कचेरीच्या खिडकीकडे एक नजर टाकली. मग हळूच म्हणाला, "बाळ, गुडघे जरा सैल सोड." वेण्या माझ्या हाताखालून गेल्या. त्याने डोळे मिचकावले. "आता अशीच राहा हं. विदूषक दिवसभर बघत असतो."

माणूस चांगला होता. गंमत केली त्याने.

मुलगी वाकूनच चालू लागली. ताठ उभी राहिली असती, तर जिराफाच्या रेघेला तिचं डोकं नेमकं पोचलं असतं. "अगं, हो की सरळ!" आई म्हणाली. मुलीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि ती आणखी वाकली. आईने समजावलं, रागावली, दोन्ही दंड धरून वर ओढलं. "याच्यासाठीच आलो ना गं आपण?" विमानं रिकाम्या जागांसकट फिरत राहिली. मुलगी बाकावर बसली, तीही वाकून.

परतताना मामा तिच्यापुढे उकिडवा बसला. "बाळा, चेष्टा केली गं मी. लाकूड आहे ते." तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

फाटकाबाहेर आई म्हणाली, "आता तरी सरळ हो. संपलं सगळं."

"तो बघतोय ना अजून," मुलगी म्हणाली, आणि रस्त्याच्या वळणापर्यंत तशीच गेली.

आता बागेत सरसकट एकच दर आहे, कडेवरच्या बाळालाही. त्यामुळे माझं काम संपलं. मी तिकीटखिडकीमागे मोडक्या खुर्च्यांत पडून आहे. समोर भिंत आहे, तरी हाताखालून कुणीतरी जात असतं. डोकं टेकत नाही. पावलंही वाजत नाहीत.

मित्रांनो, मोठेपणी तुमच्यापैकी कुणी बाग काढलीच, तर तिकीट हवं तेवढं लावा आणि आकडा पाटीवर ढळढळीत लिहा. पण त्यापायी कुठल्याही मुलाला वाकायला लावू नका. काही मुलं सांगितलेलं ऐकतात. आणि कुणाकडे रंगाचा ब्रश असेल, तर एवढं कराच. माझे डोळे रंगवलेले आहेत. मला ते मिटता येत नाहीत. त्यांवर पापण्या काढा. मग ती कुठे भेटली, तर तिला सांगा, की तो आता बघत नाही.