बिनपावडरीची पाच

जोतीराम खाड्याने म्हशी विकून पांढरी विलायती डुकरं आणली, तेव्हा कसबा बावड्यातल्या भावकीने त्याच्या घरचा चहा सोडला. “चहापत्ती वाचली,” एवढंच जोतीराम म्हणाला. त्याची बायको चिमणाबाई मात्र रुसली आणि शेडकडे फिरकेना. मग मादी व्याली, दहा गुलाबी पिल्लं ओळीने दूध ओढायला लागली, आणि चिमणाबाई जी शेडात शिरली ती बाहेर निघेचना.

पिल्लं आईपासून तोडली त्याच सुमारास रुद्राणी आली. साल २००३. गडहिंग्लजकडच्या लिंगायत घरातली, नुकतीच जनावरांची डॉक्टर झालेली ही पोरगी एका खाद्य कंपनीत लागली होती. घरी तिने ‘जनावरांच्या खाद्याचं काम’ एवढंच सांगितलं होतं. कुठली जनावरं, ते कुणी विचारलं नव्हतं. तिच्या हातात पांढुरक्या पावडरीचा डबा होता.

“मामा, हे एन्झाईम,” ती जोतीरामला म्हणाली. “पिल्लू दूध सोडून एकदम मका-सोयाबीनवर येतं. पण पोट अजून दुधाचंच असतं. खाल्लेलं नीट पचत नाही, हगवण लागते, वाढ खुंटते. ही पावडर पोटात खाद्य फोडायला मदत करते.”

“म्हंजे ओवाच की,” चिमणाबाई म्हणाली.

“तसंच समजा, मामी.”

पावडरीने कितपत फरक पडतो, ते रुद्राणीला मोजायचं होतं. चिठ्ठ्या टाकून तिने पाच पिल्लं डाव्या कप्प्यात घातली, पाच उजव्या. खाद्य दोन्हीकडे एकच, पावडर फक्त डावीकडे. तशा पाट्याही लावल्या.

“आन् उजवीकडच्यास्नी?” चिमणाबाईने विचारलं.

“त्यांना नाही द्यायची.”

“का? त्यांनी काय पाप केलंय?”

“पाप नाही हो मामी. तुलना करायची असते.”

“आमच्या सासूबी तुलनाच करायच्या,” असं म्हणून चिमणाबाई पदर खोचून निघून गेली.

दर सोमवारी रुद्राणी वजनं घ्यायला यायची. आढ्याला ताणकाटा टांगायचा, पिल्लू पोत्यात घालून त्याला अडकवायचं. पिल्लू असं किंचाळायचं की कारखान्याचा दुपारचा भोंगा झाला समजून उसातले तोडकरी भाकरीची फडकी सोडून जेवायला बसायचे.

पण आकडे उलटेच येत होते. बिनपावडरीची पाच फुगत चालली होती. त्यात डबाही लवकर रिकामा व्हायला लागला.

“मामा, डब्याला कुणी हात लावतं का?” एके दिवशी तिने विचारलं.

जोतीरामने डोकं खाजवलं. “मी घेतो चमचाभर. मटण जड जातंय आताशा. डुकराला पचतंय तर मला पचंल की!”

“अहो मामा, ते माणसांसाठी नाही!”

“गुण हाय पर त्येला.”

रुद्राणीने कपाळावर हात मारला. डब्याचं कोडं सुटलं, वजनाचं सुटेना.

शेवटी पावडरीच्या जाहिरातीच्या पत्रकावर छापायला फोटो हवा म्हणून तिचे साहेब, पिराजीराव, कॅमेरा घेऊन आले. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, “पाट्या बदल.”

“नाही जमणार, साहेब.”

“डुकरं काय तक्रार करणार आहेत?”

“डुकरं नाही करणार. पण उद्या पावडर घेणारा शेतकरी येऊन मला विचारेल.”

साहेब स्वतःच पाटीला हात घालायला वाकले. तेवढ्यात मागच्या दाराने चिमणाबाई पातेलं घेऊन आली. बांगड्या वाजल्या मात्र, उजवीकडची पाचही पिल्लं कप्प्याच्या फळीवर तुटून पडली. फळी निसटली. पिल्लं साहेबांच्या पायांतून धावली आणि साहेब कॅमेऱ्यासकट चिखलात बसले. डावीकडची पाच शहाण्यासारखी बघत राहिली.

“मामी, पातेल्यात काय आहे?” रुद्राणीने विचारलं.

“पेज. गूळ घालून.” चिमणाबाई जराही ओशाळली नाही. “पावडर न्हाय म्हणून लेकरं तशीच ठेवायची व्हय? रोज घालतो मी.”

जोतीराम आधी तोंड दाबून हसला, मग उघड हसला. रुद्राणीला रडू यायला लागलं होतं, पण साहेबांच्या खाली पडलेल्या टोपीत एक पिल्लू तोंड घालून बसलेलं दिसलं आणि तीही हसत सुटली. साहेब मात्र म्हणाले, “बंद कर हे सगळं.”

“पुढच्या वेताला पुन्हा करते, साहेब. या वेळी नीट,” ती म्हणाली, आणि हट्टाला पेटून तिने ते कबूल करून घेतलं.

चिमणाबाईला राजी करणं त्याहून अवघड गेलं. आपल्याच्यानं राहवणार नाही, हे तिनेच सांगितलं. म्हणून पुढची पिल्लं तोडली तेव्हा ती चंदगडला बहिणीकडे जाऊन राहिली. तिथून रोज फोन करायची. “हगवण लागली का? खात्यात का?” विचारायची आणि ठेवायची. आपली तब्येत तिने एकदाही विचारली नाही, असं जोतीराम येईल-जाईल त्याला सांगायचा.

या वेळी पावडरवाली पिल्लं पुढे निघाली. फार नाही, पण काट्यावर दिसेल इतकी. आणि हगवण खरंच कमी झाली. साहेबांना पत्रकावर ‘दुप्पट वाढ’ पाहिजे होती. रुद्राणीने जेवढं दिसलं तेवढंच लिहून दिलं, आणि बरीच कुरकुर करून साहेबांनी तेवढंच छापलं.

चिमणाबाई एसटीतून उतरली ती पिशवीसकट थेट शेडात. रुद्राणीने तिला वजनं वाचून दाखवली. चिमणाबाईने सगळी ऐकून घेतली, दोन्ही कप्प्यांवरून नजर फिरवली आणि डोळ्याला पदर लावला.

“कशी वाळून गेल्यात बघ समदी,” ती म्हणाली आणि चुलीकडे निघाली.