बपेऱ्याची घोडी आणि आमचा नवरदेव

बैल कोणताही असो, माझ्या हाताखाली आला की सरळ चालतो. तुलाराम म्हणून दिघोरीत कोणालाही विचारा. त्यामुळे भाच्याच्या लग्नात घोडीचा विषय निघाला तेव्हा मी म्हटलं, जनावर ते जनावर, शिंगं नसली म्हणून काय झालं?

भाचा कुलदीप शेळीलाही वळसा घालून जाणारा. पण बपेऱ्याच्या रीनानं, म्हणजे होणाऱ्या नवरीनं, फोनवर हौस सांगितली. आमच्याकडे सगळे नवरदेव कारमधून येतात, तू घोडीवर ये, मला डोळे भरून पाहायचंय. यानं 'येतो' म्हटलं आणि त्याची झोप उडाली. घोडीवरून पडलो तर रीनाला तोंड कसं दाखवू, एवढंच तो घोकत होता.

घोडी बपेऱ्याच्याच भैय्यालालची, नाव मैना. वरात शाळेपाशी उतरली तेव्हा तो तिला सजवून उभा होता. त्यानं कुलदीपला समजावलं की मागून जायचं नाही, समोरून आवाज देत यायचं. कान मागे पडले की समजायचं, बाई रागावल्या. "आन् पाय ढिले ठेवा नवरदेव. आवळले का तिले वाटते, पळ म्हणून राहिला."

मला हसूच आलं. सैल पायांनी कोणी जनावरावर टिकतं का? कुलदीप वर चढताच मी हळूच सांगितलं, "तू मांड्या आवळूनच बस. मी आहो ना."

बँड सुरू झाला. नाचणाऱ्यांनी भैय्यालाललाच आत ओढलं आणि लगाम माझ्या हाती आला. मैना जागची हलेना. कान मागे चिकटवून उभी राहिली. चिखलणीत बैल अडून बसला की मी काय करतो? मागे जाऊन शेपूट पिरगाळतो. तेच केलं.

लाथ मला लागली नाही, ढोलाला लागली. ढोल गेला कामातून. मैना बँडवाल्यांमधून सुटली ती थेट घराकडे, कारण तिचा गोठा रीनाच्या घरामागेच होता. आणि माझा आज्ञाधारक भाचा मांड्या आणखी आवळत गेला.

मांडवात सासरेबुवा बनियनवर भाजी चाखत होते. तेवढ्यात वरातीशिवाय, बँडशिवाय जावई दाखल झाला. गोठ्याची वाट मांडवानं अडवलेली, म्हणून मैना मांडवाभोवतीच चकरा मारू लागली. आचारी बुंदी वाचवायला परातीवर आडवा पडला. डोळे मिटून, मानेला मिठी मारून कुलदीप घोडीला "थांबा जी, थांबा जी" म्हणत होता.

रीना अर्धी वेणी तशीच सोडून बाहेर आली. मैना शिंगरू होती तेव्हापासून ती तिला ओळखायची. ओरडली नाही की धावली नाही, समोर उभी राहून हळूहळू तिच्याशी बोलत राहिली. मग कुलदीपला म्हणाली, "श्वास सोड. आता पाय सोड."

त्यानं सोडले. मैना थांबली आणि तिनं रीनाच्या खांद्यावर तोंड टेकलं.

आम्ही धापा टाकत पोचलो तोवर वडीलधाऱ्यांचा वाद पेटला होता. नवरदेवानं परत जावं आणि वाजतगाजत यावं, असं ठरलं. घोडीच्या या प्रकारात नेमकं चुकलं कोणाचं, याचीही चर्चा झाली. मी म्हटलं, घोडीचं.

कुलदीपचा चेहरा पडला होता. "रीना, मी कारनंच येतो," तो म्हणाला आणि उतरायला लागला.

"उतरू नोको," ती म्हणाली. "माहं पाहून झालं नाही अजून."

तिनं लगाम हातात घेतला आणि शाळेच्या दिशेनं चालू लागली. फुटका ढोल घेऊन बँडवाले मागे निघाले. गावानं असली वरात कधी पाहिली नव्हती. म्हाताऱ्या बायासुद्धा ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. मला, खरं सांगतो, भरून आलं. भाचा घोडीवर ताठ बसला होता, पाय सैल सोडून. समोर लगाम धरून चाललेली रीना सारखी मागे वळून त्याच्याकडेच पाहत होती.