उंदराच्या मेंदूवरचा डाग

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, गोंदियाच्या एका कॉलेजातला. मित्रांनो, माझं कौतुक पुष्कळ झालं, पण आज मला माझा गुन्हा सांगायचा आहे.

आमच्या समीक्षा मॅडम उंदरांच्या मेंदूचा अभ्यास करतात. पोटातल्या पिल्लाच्या मेंदूत पेशी आत जन्मतात आणि सरकत सरकत वर आपल्या जागी जाऊन बसतात. जनुकात बिघाड असलेल्या उंदरांत त्या वाटेतच अडकतात. अशा मेंदूचे पातळ काप काचपट्टीवर ठेवून मी वर्षानुवर्षं दाखवले. पिल्लं त्यासाठी जिवानिशी गेली, तेही मला बोचतं.

प्रयोगशाळेची झाडपूस करायला फुलचूरहून अंजनाताई येतात. त्यांच्या मोनूला झटके येतात. पेशी जागेवर पोचल्या नाहीत, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. मोनू पोटात असताना चौथ्या महिन्यात अंजनाताई धानाच्या रोवणीत बांधावरून घसरल्या होत्या. सासू रुख्माबाई तेच उगाळत बसायच्या.

ताईंना समजावं म्हणून मॅडमनी एकदा त्यांना माझ्यातून उंदराचा मेंदू दाखवला. ताईंना त्यावर एका बाजूला एक काळा डाग दिसला.

"मी पडली ना, असाच डाग लागला असंन माह्या पोराले," त्या पुटपुटल्या. मॅडम फोनवर होत्या.

अरे देवा! तो डाग माझा होता. खोळ न घातल्यानं भिंगावर बसलेली धूळ! मॅडमच्या नजरेला ती सवयीची झाली होती. मला ओरडावंसं वाटलं, पण मला तोंड कुठे आहे?

महिन्यानं मॅडमनी मोनूची चौकशी केली, तशी ताईंचा बांध फुटला. "माह्यानं त्याले जवळ घेववत नाही जी. तो डाग दिसते."

"कोणता डाग?" मॅडमनी डोळा लावला आणि कपाळावर हात मारला. "ताई, हे वरचं भिंग फिरवा बरं."

ताईंनी बघत बघत ते फिरवलं. "अगा बाई! मेंदू जागेवरच हाय, डागच फिरून राहिला!"

"धूळ आहे ती. माझीच चूक झाली."

"मंग या उंदराच्या मायनं काय केलं होतं जी?"

"काही नाही. बिघाड जनुकात होता. तुम्ही दाखवलेल्या मोनूच्या तपासणीच्या कागदातही तेच लिहिलंय. तुम्ही पडल्यानं नाही झालं हे."

ताई खूप रडल्या. मग मऊ फडक्यानं त्यांनी माझं भिंग पुसलं आणि सुट्टी मागून मोनूकडे गेल्या.

तो एक महिना मी त्या माय-लेकरांना कसा परत करू? मित्रांनो, काम झालं की माझ्यावर खोळ घालत जा. आणि कुणाच्या आईत दोष दिसला, तर आधी आपलं भिंग फिरवून बघा.