आधीच तयार करून ठेवलंय

वीरण्णा नांदेडात स्टेशनजवळच्या एका हॉटेलात मॅनेजर होता. गिऱ्हाइकाशी गोड बोलायचा, म्हणून एका वाहिनीनं त्याला दर शनिवारी टीव्हीवर स्वयंपाक करायला उभं केलं. आठ वर्षांत गडी एवढा गाजला, की भोकरच्या बाजारातसुद्धा बाया त्याचं वाक्य म्हणायच्या, "हे आधीच तयार करून ठेवलंय!"

तयार करायची त्याची बायको, शिवकांता. पहाटे उठून पीठ कालवायची, वाटण वाटायची, वाट्या भरून डब्यात द्यायची.

एकदा ती म्हणाली, "एखाद्या बारीला माझं नाव घ्या की."

"आपल्यात बायकोचं नाव चारचौघांत घेत न्हाईत."

"लग्नात उखाण्यात घेतलं, तवा काय चौघंच होते? अख्खं गाव होतं!"

वीरण्णानं ते हसण्यावारी नेलं. दसऱ्याला ती तापानं गेली, आणि तेव्हापासून कार्यक्रम बंद होता.

पुढं येळवस, रानात जेवायला जायची वेळा अमावस्या, आली. येळवशीची भज्जी, म्हणजे बेसन लावलेली मिसळ भाजी, रानातच दाखवायची, असं वाहिनीवाल्यांनी ठरवलं आणि रान निवडलं शिवकांताच्याच माहेरचं, शिरूर अनंतपाळजवळचं. त्या वर्षी पाऊस नव्हता. तूर गुडघ्याएवढीच राहून वाळली होती, प्यायला टँकर होता. तरी बांधावर बसलेली माणसं उदगीर वेगळा जिल्हा कधी होणार, यावर भांडत होती.

पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीपुढं चूल पेटली. कॅमेरा सुरू झाला. वाटाणा, तुरीचे दाणे, मेथी शिजली. आता ताकात कालवलेलं बेसन घालायचं. वीरण्णानं सवयीनं उजवीकडं हात नेला.

"हे आधीच..."

वाटी नव्हती. बेसनाचा डबा होता, ताकाचा तांब्या होता. किती बेसनाला किती ताक, हे त्याला ठाऊक नव्हतं.

सासू पार्वतम्मा शेजारीच बसली होती. "काय झालं, जावईबापू? आठ वर्सं भज्जी करायलाव की!"

बांधावर हशा पिकला. वीरण्णाची मान खाली गेली.

"अव्वा, मला येत न्हाई. समदं शिवकांता करायची." मग कॅमेऱ्याकडं बघून तो म्हणाला, "माझी बायको. शिवकांता. मी नुसता ढवळायचो."

"भारी, सर!" दिग्दर्शक म्हणाला. "हेच पुन्हा एकदा. जरा डोळ्यांत पाणी आणा."

वीरण्णाला स्वतःचीच शिसारी आली. मेल्यावरसुद्धा ती त्याच्याच कामाला येत होती.

"पुन्हा न्हाई. दाखवायचं तर तेवढंच दाखवा."

पार्वतम्मा चुलीतली लाकडं मागं ओढत म्हणाली, "दर शनवारी मी शेजारच्या बाया बोलावून टीव्हीपुढं बसायची. तिचा फोन यायचा, 'अव्वा, आज घेतील बघ नाव.'"



तिनं परात त्याच्याकडं सरकवली. "बसा. आधी बेसन. ताक थोडं थोडं. अन् हात धुवायला पाणी मागू नका, टँकर परवा येनार हाय."

त्यानं बाह्या वर केल्या. पहिल्याच ओतण्यात परातभर गाठी झाल्या.

"अव्वा, गाठी झाल्या."

"दिसतंय. फोडा."

तो एकेक गाठ बोटांनी फोडत बसला.