पहिला खिळा मारला की दूध

सासूबाई गेल्याला एकवीस दिवस झाले होते, आणि तेवढ्या दिवसांत सासऱ्यांनी चहा-बिस्किटापलीकडे काही तोंडात घातलं नव्हतं. तोंडातून काही बाहेरही काढलं नव्हतं. छत्तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवलेला माणूस. त्यांच्या एका आवाजावर आठशे मुलं डावीकडे वळायची. आता ते दिवसभर खिडकीकडे तोंड करून बसायचे आणि काही विचारलं तर मान हलवायचे, तीही अर्धवट.

डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी नाडी पाहिली, वजन पाहिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "आठवडाभर वाट बघते. तोवर खायला लागले नाहीत तर दवाखान्यात ठेवून नळीनं द्यावं लागेल. आणि या वयात एकदा नळी लागली की ती निघेलच असं नाही." मग त्या मोठ्यानं म्हणाल्या, "आजोबा, काय खावंसं वाटतंय?"

सासऱ्यांनी त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि औषधाच्या चिठ्ठीवर एकच शब्द लिहिला. पुडिंग.

म्हणजे तांदळाचं पुडिंग. दूध, तांदूळ, साखर, व्हॅनिला. मोजून चार वस्तू. मी थर्मामीटरच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. एका अंशाच्या दहाव्या भागासाठी मी अख्खी पेटी परत पाठवते आणि वर शेरा मारते. चार वस्तूंचं पुडिंग आपल्याला जमणार नाही अशी शंका माझ्या मनाला शिवलीसुद्धा नाही.

ब्याण्णव अंश, अडतीस मिनिटं. सासऱ्यांनी एक चमचा घेतला, जिभेवर ठेवला, गिळला आणि चमचा हळूच बशीत ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी अठ्ठ्याऐंशी अंश, शेहेचाळीस मिनिटं. पुन्हा एक चमचा. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशीही तेच. उरलेलं सगळं नवऱ्यानं खाल्लं आणि छान झालंय म्हणाला. नवरा काहीही खातो, त्याचं मत धरायचं नसतं.

सासूबाईंना विचारायची सोय नव्हती, आणि त्या असत्या तरी मी विचारलं नसतं. आमचं बरं होतं, म्हणजे आम्ही दोघी एका वेळी स्वयंपाकघरात जायचो नाही. पुडिंगच्या दिवशी तर त्या आतून कडी लावून घ्यायच्या. शेवटची दोन-तीन वर्षं मात्र त्यांनी ते केलंच नव्हतं. मी त्यांना वाढदिवसाला वजनकाटा दिला होता, चांगला, ग्रॅमपर्यंत दाखवणारा. त्यांनी त्याच्यावर ओला स्पंज ठेवायला सुरुवात केली. ते मला अजून झोंबतं.

पाचव्या दिवशी तांदळाचा डबा तळापर्यंत उपसला तेव्हा खाली घडी घातलेला कागद निघाला. सासूबाईंचं अक्षर. मी तो उभ्या उभ्या वाचला.

"दूध एक पातेलं. सुतारानं पहिला खिळा मारला की गॅसवर ठेवणे. वरची मशीन सुरू झाली की तांदूळ. मशीन चालू आहे तोवर ढवळणे, थांबली की थांबणे. पोस्टमन आणि दातवाल्यांचं भांडण लागलं की साखर. भांडण कुत्र्यावर आलं की व्हॅनिला. मग आच मंद."

मी दोनदा वाचलं आणि खाली बसले. चाळीस वर्षं या बाईनं घड्याळ म्हणून अख्खी गल्ली वापरली होती.

"मग सोपं आहे की," नवरा म्हणाला. "सगळे इथेच तर राहतात."

सगळे इथेच राहत होते, पण सोपं काहीच नव्हतं. आधी मी समोरच्या सुताराकडे गेले. त्यानं कागद लांब धरून वाचला आणि मान हलवली.

"वहिनी, दोन वर्षांत मी एक खिळा मारलेला नाही. आता सगळं स्क्रूवर आणि गोंदावर."

"मग माझ्यासाठी एक मारा."

"मारीन हो. पण मी काय मनात आलं की मारायचो होय? तुमच्याकडून दूध तापल्याचा वास आला की मला कळायचं, चार वाजले. मग मी हातोडी उचलायचो."

मी म्हटलं, "त्या तुमचा खिळा ऐकून दूध ठेवायच्या."

"आणि मी त्यांच्या दुधाचा वास घेऊन खिळा मारायचो."

मग सुरुवात कोण करत होतं, हे त्याला माहीत नव्हतं आणि मला कोण सांगणार? मी त्याला म्हटलं, ते जाऊ दे, उद्या चार वाजता सरळ मारा. त्यानं तिथल्या तिथे प्रामाणिकपणे करून पाहिलं. फळी घेतली, खिळा धरला, हातोडी उचलली आणि परत खाली ठेवली.

"होत नाही वहिनी. वासाशिवाय हात उचलत नाही."

वरच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या मावशींचं त्या मानानं सरळ होतं. सुताराची ठोकाठोक सुरू झाली की त्या मशीनवर बसायच्या, कारण तेवढ्या वेळात खालून कुणी मशीनच्या आवाजाची तक्रार करत नसे. एक पडदा शिवून झाला की थांबायच्या. "पण पडदे आता कुणी शिवून घेत नाही गं," त्या म्हणाल्या. "तयार मिळतात." मी घरातले चालू पडदे काढून, उसवून, त्यांच्याकडे परत शिवायला दिले. त्या दिवसापासून समोरच्या लोकांना आमचं सगळं घर दिसू लागलं.

खरे नाकी नऊ आणले ते भांडणवाल्यांनी. तळमजल्यावरचे दातवाले डॉक्टर आणि पोस्टमन यांचं एके काळी रोज वाजायचं. दातवाल्यांचा कुत्रा पोस्टमनवर धावून जायचा, पोस्टमन पत्रं फाटकातूनच फेकायचा, ती चिखलात पडायची. पुढे कुत्रा म्हातारा झाला, त्याला कमी दिसायला लागलं, आणि आता पोस्टमन रोज पाच मिनिटं बसून त्याच्या कानामागे खाजवतो. दोघांत इतका जिव्हाळा, की दातवाल्यांच्या मुलीचं लग्न पोस्टमननं जुळवलं.

मी दोघांना बोलावून भांडा म्हटलं. दोघंही भली माणसं. सासऱ्यांचं कळल्यावर लगेच तयार झाले. रविवारी आमच्या जिन्यात तालीम झाली.

"तुमचा कुत्रा," पोस्टमननं आवाज चढवला, आणि तिथेच अडकला. "तुमचा कुत्रा फार गुणी आहे हो डॉक्टर, याच्यापुढे मला काही सुचत नाही."

"तुम्ही पत्रं फेकता," दातवाले आठवून आठवून म्हणाले.

"फेकायचो. चुकलंच माझं."

दोघांचे डोळे पाणावले. मी कपाळाला हात लावून वर निघून आले. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या आठवड्यातले दोन दिवस उरले होते. सासऱ्यांच्या मनगटावरचं घड्याळ सैल होऊन कोपराकडे सरकत होतं आणि दर थोड्या वेळानं ते त्याला परत मनगटावर ओढायचे. मला रडू येत होतं आणि रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी नवऱ्यावर ओरडले.

नवरा ऐकून घेतो. ऐकून झाल्यावर म्हणाला, "सुताराचं मी बघतो."

सोमवारी मी रजा टाकली. चारला दहा कमी असताना नवऱ्यानं छोट्या भांड्यात कपभर वेगळं दूध तापवलं, सांडशीत धरलं आणि रस्ता ओलांडून समोर गेला. एका स्कूटरवाल्यानं थांबून त्याला वाट दिली. ते वाफाळतं दूध त्यानं सुताराच्या नाकाखाली धरलं. सुतारानं डोळे मिटले. हातोडी आपोआप वर गेली.

ठक्क.

मी पातेलं गॅसवर ठेवलं. सुताराला इतका जोर चढला की तो पुढचे खिळेही मारत सुटला. कशात मारत होता देव जाणे. वर मशीन घरघरली. मी तांदूळ घातले आणि ढवळायला लागले. थर्मामीटर मी ओट्यावर उलटा ठेवला होता, नजर जायला नको म्हणून. मावशींनी पडदा मधेच उसवून पुन्हा शिवला असावा, कारण मशीन संपता संपेना आणि माझा खांदा भरून आला. शेवटी ती थांबली, मी थांबले आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले.

खाली दोघं समोरासमोर उभे होते. कुत्रा मधे झोपला होता. भांडण काही लागेना. दूध घट्ट होत चाललं. शेवटी दातवाले, काहीतरी बोलायचं म्हणून, म्हणाले, "तुम्ही हसता ना, तेव्हा खालचा एक दात फार वाकडा दिसतो. वर्षभर सांगीन म्हणतोय."

पोस्टमनचा चेहरा बदलला. "वर्षभर? म्हणजे रोज माझ्याशी बोलताना तुम्ही माझा दात बघत होता?"

"धंदाच आहे माझा."

"आणि मी समजत होतो, तुम्ही ऐकताय."

साखर. मी धावत जाऊन साखर घातली आणि परत खिडकीशी आले. भांडण अगदी रंगात आलं होतं, मुलीच्या लग्नापर्यंत पोचलं होतं, पण कुत्र्याचं कुणी नाव घेईना. मी वरून ओरडले, "कुत्रा, कुत्रा."

पोस्टमननं वर पाहिलं, आठवलं, आणि बोट खाली दाखवून म्हणाला, "आणि हा कुत्रा आंधळा झाला तरी तुमच्यापेक्षा मला जास्त ओळखतो."

व्हॅनिला. आच मंद.

पाच मिनिटांत सगळे आमच्या स्वयंपाकघरात गोळा झाले. सुतार हातोडीसकट, मावशी गळ्यात टेप घालून, दातवाले आणि पोस्टमन एकमेकांकडे पाठ करून. बाहेरच्या खोलीत सासरे खिडकीकडे तोंड करून बसलेले. पुडिंग हळूहळू फदफदत होतं.

"आता कधी उतरवायचं?" मावशींनी विचारलं.

मी कागद पाहिला. आच मंद, इथेच तो संपत होता. नवऱ्यानं तो माझ्या हातातून घेतला आणि उलटा केला.

"अगं, मागे आहे."

तेरा वर्षं मी कारखान्यात पोरींना सांगत आलेय, थर्मामीटरची नळी दोन्ही बाजूंनी बघा. कागद उलटून पाहायचं मला सुचलं नव्हतं. मागे पेन्सिलीनं लिहिलं होतं, "यांनी हाक मारली की उतरवणे." त्याच्याखाली आणखी काही बारीक अक्षरांत होतं, पण कुणी पुढे वाचलं नाही. सगळ्यांनी बाहेरच्या खोलीकडे पाहिलं.

"मी मारतो हाक," नवरा म्हणाला.

"तू त्यांचा मुलगा आहेस."

"मग काय करायचं? झालंय ते. उतरव."

"वहिनी, उतरवा," सुतार म्हणाला. "खाली धरायला लागलंय."

खाली धरायला लागलं होतं हे मलाही कळत होतं. पण चार वेळा मी माझ्या अकलेनं उतरवलं होतं आणि चार वेळा तो चमचा बशीत परत आला होता. आता माझ्या अकलेवर माझा विश्वास उरला नव्हता. मी सांडशी हातात धरून उभी राहिले. मला फार भीती वाटत होती. ज्या माणसानं जवळजवळ चार आठवड्यांत एक शब्द उच्चारला नाही, त्याच्या हाकेवर मी पातेलं टांगून ठेवलं होतं. करपल्याचा वास आला. मावशींनी पदर नाकाला लावला. आता धूर दिसायला लागला आणि नवरा गॅसकडे वळला. मी त्याचा हात धरून ठेवला.

"अगं ए, अजून किती वेळ?"

आठशे मुलं वळतील असा आवाज. ओट्यावरचे डबे थरथरले, खाली कुत्रा भुंकला. सुताराच्या हातातून हातोडी पडली ती दातवाल्यांच्या पायावर, पण ते हूं की चूं न करता उभे राहिले.

मी पातेलं उतरवलं, वाटी भरली आणि बाहेर नेली. सासऱ्यांनी वाटी बाजूला सारली.

"पातेलं आण," ते म्हणाले.

पातेलं आणलं. त्यांनी ते मांडीत घेतलं, वरचं पुडिंग एका बाजूला लोटलं आणि चमच्यानं तळाची तपकिरी खरवड खरडून काढली. एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. आम्ही सगळे दारात दाटीनं उभे होतो.

"वेळेवर ओरडलं तर खरवड धरत नाही," ते खाता खाता म्हणाले. आवाज खरखरीत झाला होता. "मी मुद्दाम उशिरा ओरडायचो. चाळीस वर्षं. तिला वाटायचं, माझा डोळा लागतो. दर वेळी चिडायची, पातेलं घासत बसायची. एकदा सांगायला हवं होतं. आज सांगू, उद्या सांगू, करत राहिलो." चमचा थांबला. "राहूनच गेलं."

तो चमचा आता बशीत जाणार हे मला दिसलं. तेवढ्यात नवऱ्यानं कागद त्यांच्यापुढे धरला, मागची बाजू वर करून. सासऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ती बारीक अक्षरं मोठ्यानं वाचली.

"हे मुद्दाम उशिरा हाक मारतात. खरवडीसाठी. कळलं नाही असं दाखवून चांगलं रागावणे. मग खातात."

त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला, या वेळी मनात. घडी घालून खिशात ठेवला. मग चमचा हातात धरून माझ्याकडे पाहिलं आणि वाट बघत राहिले.

"अहो बाबा," मी म्हटलं, "लक्ष कुठे असतं तुमचं? पातेल्याचा कोळसा झाला. हाक वेळेवर मारता येत नाही? चार आठवडे खिडकीत बसलाय, इथे आमच्या घशाखाली घास उतरत नाही, तुमचा मुलगा रोज पुडिंग खाऊन फुगलाय, माझी रजा संपलीय, घराला पडदे नाहीत. आणि हे पातेलं कोण घासणार? मी? आई होत्या, त्यांनी घासलं, मी नाही घासणार." माझा आवाज चिरकला, डोळे वाहायला लागले, तरी मी बोलत राहिले. वजनकाट्यावरच्या स्पंजचंही बोलले. त्याचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता.

बाबा मान खाली घालून ऐकत होते आणि खात होते. पातेल्याचा तळ दिसेपर्यंत मी थांबले नाही.