ओढ्याकाठची परीक्षा

शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, पौष वद्य एकादशी, शनिवार. सकाळी सव्वानऊच्या सुमारास दोड्डबळ्ळापूरच्या पलीकडील एका लहान स्थानकावर भीमाचार्य व त्यांची कन्या सुप्रीता यशवंतपुराहून आलेल्या गाडीतून उतरले. समोर डोंगर होता आणि त्याच्या कुशीतून एक ओढा खाली येत होता. गावकरी त्याला नुसते ‘हळ्ळ’ म्हणत.

सहल हे केवळ नाव. दोघे आले होते ते परीक्षेसाठी. भीमाचार्यांना अलीकडे विसर पडू लागला होता. दिवाळीच्या सुमारास दूध गॅसवर ठेवून ते संध्येला बसले, आणि शेजाऱ्यांनी दार ठोठावले तेव्हा स्वयंपाकघर धुराने भरले होते. यांना एकटे ठेवू नका, असे डॉक्टरांनी बजावले. सुप्रीताने इंदिरानगरातल्या आपल्या घरी त्यांच्यासाठी खोली लावून घेतली. परंतु मल्लेश्वरम सोडायचे म्हणजे गोदूबाईंनी जिथे डोळे मिटले ते घर सोडायचे, आणि पत्नीमागे त्या घराशिवाय भीमाचार्यांपाशी दुसरे काही उरले नव्हते. भूमापन खात्यात छत्तीस वर्षे घालवलेल्या त्या गृहस्थांनी मग अटी कागदावर उतरवून दिल्या. ओढ्याच्या काठाने वरच्या डोहापर्यंत जाऊन परत यायचे. वाट, वर्षानुवर्षे पायाखालची, त्यांनी काढायची. सुप्रीताने मागून चालायचे आणि एका शब्दानेही त्यांना सुधारायचे नाही. चुकले तर इंदिरानगर, न चुकले तर मल्लेश्वरम.

उपासाच्या दिवशी तरी नको, असे तिने सुचवून पाहिले. त्यावर अर्धा तास युक्तिवाद झाला. मुंजीपासून त्यांची एकही एकादशी मोडली नव्हती, गोदूबाई गेल्या त्या पंधरवड्यातलीसुद्धा. नुसत्या पाण्यावर त्यांनी वैशाखातले डोंगर मोजले होते. शेवटी “सरी, अण्णा,” म्हणून तिने माघार घेतली.

आणि ते चालले काय सुरेख! करंजांच्या सावलीतून, पाण्याने गुळगुळीत झालेल्या धोंड्यांवरून, काठी न टेकता. जिथे गुरांची वाट खऱ्या वाटेपेक्षा ठळक दिसते, तिथे ते क्षणभर उभे राहिले आणि अचूक डावीकडे वळले. ओढा तीनदा ओलांडावा लागतो. तिन्ही वेळा त्यांनी उथळ जागा बरोबर हेरली. मागे वळून लेकीला म्हणाले, “डॉक्टरांना आणायला हवं होतं. बिचारे दुसऱ्या धोंड्यावरच बसले असते.” सुप्रीता हसली. त्यांना घरी न्यायला ती आतुर होती, आणि तरीही त्या वाटेवर तिला मनापासून वाटले की त्यांनी जिंकावे.

डोहापाशी पोहोचले तेव्हा ऊन माथ्यावर आले होते. भीमाचार्यांनी हातपाय धुतले, एका सपाट खडकावर मांडी घातली आणि सहज म्हणाले, “सुप्री, डबा काढ. भूक लागली.”

तिच्या पिशवीत तिच्यापुरते मोसरन्न होते, साधा दहीभात. त्यांच्या नजरेआड कुठेतरी ती तो खाणार होती. तिला वाटले, थट्टा करताहेत. परंतु त्यांनी हात पुढे करून डबा घेतला, झाकण उघडले, भाताभोवती पाणी फिरवले, चार शिते खडकावर ठेवली, आचमन केले. सारा विधी यथासांग झाला. चुकला होता तो फक्त दिवस.

शब्द तिच्या ओठांवर आला होता. बोलावे तर परीक्षा तिथेच संपत होती. न बोलावे तर साठांहून अधिक वर्षांचे व्रत तिच्या डोळ्यांदेखत मोडत होते. ती बोलली नाही. कागदावरची अट तिने स्वतःपुढे केली खरी, पण कारण निराळे होते: आई गेल्यापासून तिने त्यांना इतक्या चवीने जेवताना पाहिले नव्हते.

“मीठ स्वल्प कमी पडलं,” एवढेच ते म्हणाले, आणि त्यांनी डबा पुसून स्वच्छ केला.

परतीची वाटही त्यांनी बिनचूक काढली. खाली रेल्वे फाटकापाशी देवाप्पाची शहाळ्यांची गाडी होती. तीस वर्षांच्या ओळखीचा माणूस. त्याने सुप्रीतासाठी शहाळे फोडले, आणि आचार्यांपुढे पाण्याचा तांब्या ठेवत कन्नडात म्हणाला की आज एकादशी, तेव्हा तुम्हांला शहाळे विचारून पाप कशाला घेऊ.

भीमाचार्यांचा हात तांब्यावरच थांबला.

“मी वर जेवलो का गं?”

खोटे बोलणे सोपे होते. आयुष्यभर ज्यांनी तिचे एकही खोटे चालू दिले नाही, त्यांच्यापुढे ते आज खपलेही असते.

“हो, अण्णा.”

“भात?”

“भात.”

“आणि तू बघत बसलीस.”

“बोलायचं नाही, असं तुम्हीच लिहून दिलंत.” मग तिने घाईघाईने त्यांचीच बाजू मांडायला घेतली. “पण कागदात फक्त वाटेचं आहे. वाट तुम्ही कुठेच चुकला नाहीत. जेवणाचा त्यात उल्लेख नाही. तुम्ही जिंकलात, अण्णा.”

हा मुद्दा बिनतोड होता. एरवी असा मुद्दा त्यांनी स्वतःच शोधून काढला असता आणि तासभर लढवला असता. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि तांब्या न उचलताच उठले. देवाप्पा गोंधळून दोघांकडे पाहत राहिला. सुप्रीताने त्यांचा दंड धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

“कागद फाडून टाक,” भीमाचार्य म्हणाले. “मी एकटा राहण्याजोगा उरलो नाही.”