फाईलच्या जागी उभा असलेला पुठ्ठा

मी एक पुठ्ठा बोलतोय. तुम्ही बसून ऐका, मला बसता येत नाही. नऊ वर्षं झाली, सरकारी कागदांच्या या खोलीत, खालून दुसऱ्या फळीवर, एकाच जागी मी उभाच आहे.

माझं काम ऐकलंत तर हसाल. एखादी फाईल कोणी वाचायला नेली की तिच्या रिकाम्या जागी मला उभं करतात. अंगावर चार रकाने छापलेत: फाईलचा क्रमांक, कोणी नेली, कधी नेली, कधी परत आली. फाईल आली की चौथा रकाना भरायचा आणि मला काढून घ्यायचं. बसमध्ये खिडकीची जागा धरायला रुमाल टाकतात ना, तसा मी. रुमालाला कोणी विचारत नाही, बाबा रे, तुझं कसं चाललंय.

सुरुवातीचे दिवस मजेचे होते. रेकॉर्डचे तेव्हाचे कारकून फार टापटिपीचे. अक्षर सुंदर, म्हणून सगळे त्यांना मोतीवाले म्हणायचे. त्यांनी मला अकरा फायलींच्या जागी उभं केलं आणि अकरा वेळा काढलं. कधी जमिनीची मोजणी, कधी शाळेची इमारत. आज इथे, उद्या तिथे. त्यांचा एकच दंडक होता. ज्यानं नोंद केली, त्यानंच ती पुरी करायची. दुसऱ्यानं पुठ्ठ्याला हात लावायचा नाही. शिपाईमामांना तर त्यांनी दम भरला होता, "मामा, फाईल आणा, फाईल न्या. पण पेन उचलायचं नाही!"

बाराव्या खेपेला घात झाला.

ती फाईल होती पाणीपुरवठ्याच्या एका जुन्या चौकशीची. अंगानं किरकोळ, पाच-पंचवीस कागद. वरच्या मजल्यावरच्या चौकशी शाखेनं ती मागवली, मोतीवाल्यांनी माझे तीन रकाने भरले आणि मला उभं केलं. दोन महिन्यांनी मामा ती परत घेऊन आले. नेमके त्या दिवशी मोतीवाले रजेवर. मामांनी विचार केला, उद्या साहेब येतील, नोंद करतील, पुठ्ठा काढतील. तोवर असू दे. म्हणून त्यांनी फाईल माझ्या मागे, पार भिंतीपर्यंत सरकवली आणि हात झटकत चहाला गेले.

मोतीवाले रजेवरून आलेच नाहीत. घरीच पडले, आजारपणातच निवृत्त झाले. नवे कारकून आले. त्यांनी मला वाचलं: फाईल वर गेली आहे. परतीचा रकाना कोरा. संपलं! दुसऱ्याच्या नोंदीला हात कशाला लावा, म्हणून तेही गप्प. त्यांच्यानंतर आणखी एक आले, तेही गप्प.

आणि फाईल माझ्या पाठीला टेकून होती हो! सगळा वेळ.

मला तोंड नाही. अंगावर जे लिहिलंय तेवढंच मला सांगता येतं, आणि ते खोटं होऊन बसलं होतं.

चार वर्षांपूर्वी राज्यात नवा कायदा आला. सरकारी कागद कोणालाही मागता येतात, महिन्याच्या आत लेखी उत्तर द्यावं लागतं. खोलीला नवा दिवा लागला, दारावर पाटी आली. मला वाटलं, सुटलो. पहिल्याच महिन्यात एक बाई अर्ज घेऊन आली. दवाखान्यात नर्स होती, ड्यूटीवरून तशीच यायची. तिनं मागितली ती नेमकी माझ्या पाठीमागची फाईल.

"ताई, ती वर गेलीय. हा पुठ्ठा बघा, उगाच सांगत नाही," कारकून म्हणाले.

ती वर गेली. वरचे म्हणाले, "आम्ही कधीच परत केली. खाली विचारा." महिन्यानं लेखी उत्तर गेलं: सदर फाईल आढळून येत नाही. असे तिला सात हेलपाटे पडले. प्रत्येक वेळी दाराशी स्टुलावर बसलेले मामा तिला पाण्याचा पेला द्यायचे. त्यांना फाईलचा क्रमांक कोण सांगणार? ती काय मागते हे त्यांनी विचारलं नाही, आणि तिनंही शिपायाला सांगितलं नाही.

एकदा मात्र, मामा चहाला गेले असताना, तिचा बांध फुटला. कारकुनाच्या टेबलाशी उभी राहून म्हणाली, "माझे बाबा पंप चालवायचे. गाळणी फुटली होती, गढूळ पाणी सुटलं, वस्ती आजारी पडली, दोन लेकरं गेली. ठपका बाबांवर. ते म्हणतात, त्या दिवशी सकाळीच मी लिहून दिलं होतं. तो कागद त्या फाईलमध्ये आहे. आता ऐंशीला आलेत. अजून पाण्याचा पेला आधी नाकाशी धरतात, मग पितात. मला नोकरी नको, भरपाई नको. फक्त तो कागद त्यांना वाचून दाखवायचाय."

कारकुनाचा चेहरा पडला. माणूस वाईट नव्हता. पण करणार काय? माझ्याकडे बोट दाखवलं. त्या दिवशी मला माझी इतकी लाज वाटली की वाळवी लागली असती तर बरं, असं झालं.

तिनं अपील केलं. मोठे साहेब खाली आले. "बाई, जी वस्तू नाही ती देणार कुठून?"

ती दमली होती. आवाज चढवायचंही त्राण नव्हतं. म्हणाली, "बरं, नाही तर नाही. पण नाही हे कशावरून म्हणता? त्या पुठ्ठ्यावरूनच ना? मग तोही सरकारी कागदच. त्याची नक्कल द्या."

साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. कायद्यात याला नाही म्हणता येईना. नक्कल काढायची तर मला काढणं भाग होतं. नऊ वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझी मान धरून मला ओढलं.

मागे फाईल.

दारातून मामा पुढे आले, धुळीत हात घालून त्यांनी ती काढली आणि क्रमांक न वाचताच ओळखली. "ही मीच ठेवली होती," ते म्हणाले. "पेन उचलायची मला परवानगी नव्हती." म्हातारा माणूस तिथेच खाली बसला. पेला तिनं त्यांना दिला.

आठवड्यानं ती बाबांना घेऊन आली. लेकीचा हात धरून ते खुर्चीत टेकले. तिनं तो कागद वाचला: गाळणी फुटली आहे, पाणी सोडू नये, आदेश द्यावा. खाली वरिष्ठांचा शेरा होता: तक्रारी नकोत, पाणी सोडावे.

"वेळ वाच," ते म्हणाले.

"सकाळी सहा वाजून दहा मिनिटं."

"पुन्हा वाच."

तिनं तीनदा वाचली. मग त्यांनी कागदावरून नुसता हात फिरवला. "मी लिहिलं होतं गं," म्हणाले, "पण पाण्याची चावी माझ्याच हातानं फिरवली." लेकीनं फाईल मिटली. नऊ वर्षं मी अडवून धरलं होतं ते हे. लवकर कळलं असतं तर त्यांना हलकं वाटलं असतं की जड, मला सांगता येत नाही.

त्या शेऱ्याची आता चौकशी लागलीय. म्हणून काल ती फाईल पुन्हा वर गेली. कारकुनानं तेरावी ओळ भरली, तीन रकाने, आणि मला त्याच फळीवर, त्याच जागी उभं केलं.

या खेपेला मी खरं बोलतोय. माझ्यामागे आज काहीच नाही. पण मी थकलोय, आणि चौथा रकाना कोरा आहे. तुम्ही इकडे आलात आणि मी दिसलो, तर मला नुसतं वाचून परत फिरू नका. माझ्यामागे हात घालून बघा.